सागरेश्वरच्या पायथ्याचं गवत: वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आबांनी सकाळी हाक मारली म्हणून वरच्या तुकड्यात गेले. हरभरा तीन आठवड्यांचा. सागरेश्वर अभयारण्याच्या तारेच्या कुंपणाकडच्या अकरा ओळींचे शेंडे गेलेत. खाली वाकून देठ बघितले. टोकं फाटकी, ओढून तोडल्यासारखी. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कापत नाही, धरून ओढतं. सशानं खाल्लं असतं तर विळा मारल्यासारखा तिरका काप दिसला असता. म्हणजे चितळच. चार ठिकाणी रानडुकरानं नांगरल्यासारखं उकरलंय, पण ते वेगळं.

शेजारचे तात्या बांधावर उभे होते. म्हणाले, "पोरी, तार आठ फूट कर म्हणावं फॉरेस्टवाल्यास्नी. बाकी काय बी नको." तारेबद्दल गेली कित्येक वर्षं हेच बोललं जातंय. तात्यांचं म्हणणं खोटं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. हरणं बाहेर का येतात हे आपण कधी नीट बघितलेलंच नाही. म्हणून आजपासून वही. मी, आबा, तात्या, बचत गटाच्या आक्का आणि कॉलेजातली दोन मुलं. निदान एक वर्ष.

नुकसानीचा अर्ज दिला.

१७ नोव्हेंबर, रविवार

तारेच्या कडेनं चाललो, आमच्या शिवाराच्या हद्दीपुरतं. साधारण दीड किलोमीटर. वनरक्षक ताई सोबत होत्या.

तारेवरून उडी मारल्याची खूण एकाच जागी मिळाली. ती सांबराची, पलीकडे मऊ मातीत खूर खोल रुतलेले. खालून जायच्या वाटा मात्र नऊ. ओघळीत तारेखालची माती पावसानं वाहून जाते, डुक्कर तिथं मुसंडी मारून फट मोठी करतं, आणि मग चितळ गुडघे टेकून आरामात जातं. तारेच्या खालच्या पदराला केस अडकलेले होते, तांबूस, काही पांढरे. तात्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितले. आठ फुटांची तार केली तरी या नऊ वाटा तशाच राहणार.

त्यातल्या पाच वाटा दगड रचून बंद केल्या. चार मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. सगळ्या एकदम बंद केल्या तर कुठून किती येतात हे कळणार नाही. तात्यांना हे पटलं नाही. मोकळ्या चारपैकी दोन त्यांच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्यांचा राग रास्त आहे. तिथं रात्री मुलं राखणीला बसतील असं ठरलं.

१ डिसेंबर, रविवार

आज आत गेलो. हे लिहून ठेवायला हवं, कारण गावातल्या नव्या पोरांना वाटतं की हे जंगल पहिल्यापासूनच होतं.

नव्हतं. आबा सांगतात, त्यांच्या लहानपणी हा डोंगर उघडाबोडका होता. चराई आणि सरपणासाठी तोड, याच्यापुढे काही उरलं नव्हतं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, गावोगावची माणसं आणि शासन यांना सोबत घेतलं आणि डोंगर झाडांनी झाकला. मोठी हरणं बहुतेक माणसांनीच आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. १०.८७ चौरस किलोमीटर, कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सांध्यावर. नाव यशवंतराव चव्हाणांचं, कारण त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे इथं पायथ्याशीच आहे. माणसांनी हातानं लावलेलं अभयारण्य आपल्या गावाला लागून आहे, ही साधी गोष्ट नाही. मला त्याचा अभिमान आहे.

तर आत. आमच्या तारेला लागून आतल्या बाजूला उंदीरमारीची दाट लागवड आहे, मधे मधे सुबाभूळ. ज्या काळी ही झाडं लावली त्या काळी दुसरं काय तगलं असतं? मुरमात येतात, तोडलं तर पुन्हा फुटतात, पाला पडून माती सुधारते, मुळं हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्यांनी आपलं काम चोख केलं. डोंगराची माती थांबली ती त्यांच्यामुळेच. पण त्यांच्या सावलीत आज बघितलं तर पालापाचोळा, घाणेरीची जाळी आणि तरोटा. गवताचं पातं शोधावं लागलं. जिथं ऊन जमिनीपर्यंत पोचतं त्या वरच्या उतारांवर गवत आहे, पण तिथंही आत्ताच कुसळी वाळून पिवळी पडलीय. कुसळीची कुसळं पक्व झाली की जनावराच्या तोंडात आणि कातडीत घुसतात. कोवळी असतानाच ती चारा.

चितळ मुळात गवतावर जगणारं. गवत वाळलं की ते झाडपाल्याकडे, पडलेल्या शेंगा-फळांकडे वळतं. काळविटाला तर मोकळा माळच हवा, कारण त्याचा सगळा भरवसा नजरेवर आणि पळण्यावर. झाडीत ते आंधळं होतं. सांबर तेवढं पाल्यावर निभावून नेतं.

किर्लोस्कर पॉइंटवर बसून डबे खाल्ले. तिथून खाली बघितलं आणि मला निम्मं उत्तर मिळालं असं वाटलं. खाली कृष्णाकाठापर्यंत हिरवंगार. ऊस, द्राक्षाच्या बागा, हळद. आबांच्या तरुणपणी यातलं बरंचसं कोरडवाहू होतं. शाळू निघाला की पाडव्यापासून पावसापर्यंत शिवार रिकामं. हरणानं बाहेर येऊन खायचं काय? ढेकळं? ताकारी उपसा योजनेचं पाणी आलं आणि शिवार बारमाही हिरवं झालं. आमची घरं त्या पाण्यावर उभी राहिली, मी त्याच्याच पैशावर शिकले. पण डोंगरावर बसलेल्या चितळाच्या डोळ्यांनी बघितलं तर मे महिन्यात आत पाचोळा आणि पाचशे पावलांवर कोवळा ऊस.

१५ डिसेंबर, रविवार

तात्यांच्या बाजूच्या दोन वाटांवर पंधरा दिवस राखण केली. नऊ रात्री चितळं आली, सगळ्यात मोठा कळप चौदाचा. डुकरं दोनदा.

२९ डिसेंबर, रविवार

मुलांना घेऊन चांदोलीला जाऊन आलो. एकाच सांगली जिल्ह्याची ही दोन टोकं. आमच्याकडे पाऊस मोजून मापून, तिकडे वारणेच्या उगमाकडे तो धो धो कोसळतो. चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आमच्या अभयारण्याच्या जवळपास तीसपट. २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

मला बघायची होती ती उठलेल्या गावांची जुनी शेतं. गावं गेली, भातखाचरं ओस पडली आणि त्यांच्यावर गवत आलं. गवे, सांबर चरायला तिथंच उतरतात. तिथल्या वाटाड्यानं सांगितलं की आता या मोकळ्या जागांवर झुडपं चढायला लागलीत, ती हटवत राहावी लागतात. तो सहज बोलून गेला, पण मी परतीच्या एसटीत तेच लिहून घेतलं. एवढ्या मोठ्या, जुन्या रानातही कुरण राखावं लागतं. मग आमच्या एवढ्याशा, लावलेल्या रानात ते आपोआप कसं होईल?

दुसरीही गोष्ट मनात राहिली. त्या खाचरांच्या बांधावर अजून एक जातं पडलेलं होतं. कुणाच्या तरी घरचं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

बैठक आमच्या सोप्यात. काय करायचं ते ठरलं, आणि काय करायचं नाही हेही.

माझी पहिली कल्पना अशी होती की तारेबाहेरच्या गायरानात हरणांसाठी गवत लावावं, म्हणजे ती शेतापर्यंत येणार नाहीत. आक्कांनी ती एका वाक्यात मोडली. "आगं, दारात पानं वाढली तर पावणा घरात येनार न्हाई व्हय?" खरं आहे. बाहेर चारा म्हणजे बाहेर यायचं आणखी एक कारण. गवत आतच हवं. पण आत लावायला गवताची मुळासकट ठोंबं आणि बी कुठून आणायचं? तर गायरान ही रोपवाटिका. तिथं गवत वाढवायचं, बी धरायचं, उरलेला चारा गावाला. आत लागवडीचा एक छोटा तुकडा वनखात्याच्या परवानगीनं, त्यांच्याच देखरेखीखाली. आत एक फांदीही आम्ही आमच्या मनानं तोडायची नाही. अभयारण्य आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि तो असल्यामुळेच हे रान टिकलंय.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभा. गायरानातल्या चार एकरांचा ठराव मांडला. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरांनी विरोध केला आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "वरचं रान तारेत गेलं, खालचं बागायतीखाली गेलं. आता ऱ्हायलेलं गायरान बी बंद केलं तर शेरडं कुठं न्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दोनच एकर, तेही एका वर्षासाठी बंद. चारा कापून न्यायचा पहिला मान त्यांच्या घरांना. हे अर्ध्यावर आलेलं काम नाही. हेच बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

कालपासून आगीचा हंगाम धरतात, १५ जूनपर्यंत. वनमजुरांनी जाळरेषा काढल्यात. तारेच्या आतून गवत-पाला खरडून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आग आली तर तिला पुढे खायला काही मिळत नाही. आमच्या बाजूनं गायरानाभोवती आम्हीही आठ फुटांची रेषा काढली. दिवसभर कुदळ आणि खोरं. हाताला फोड आले.

ऊसतोडी जोरात. खरी भीती इथंच आहे. ऊस तुटला की मागे राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवायचं ही जुनी सवय. दुपारच्या वाऱ्यात पेटवलं तर ठिणगी कुठं जाईल याचा नेम नाही. तारेला लागून शेत असलेल्या सतरा घरी आक्का आणि मी जाऊन आलो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकून सरीत कुजवलं तर खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खत होतं, ओल टिकते, तण कमी येतं. अकरा घरांनी हो म्हटलं. बाकीच्यांना निदान एवढं पटवलं की पेटवायचंच तर भल्या पहाटे, वारा पडलेला असताना, आणि आम्हाला निरोप देऊन.

४ मार्च, मंगळवार

दुपारी एकच्या सुमारास धूर दिसला. पाचट पेटवलं होतं, वावटळ उठली आणि आग बांध ओलांडून गायरानात आली. कुसळी वाळलेली, तिला पेटायला काय लागतं? आम्ही धावलो तोवर ज्वाळा कमरेएवढ्या. ओल्या फांद्यांनी झोडपत, पाठीला वारा ठेवून, कडेकडेनं आत सरकत गेलो. वनखात्याची माणसं ब्लोअर घेऊन वीस मिनिटांत पोचली. तो पंखा पाचोळा आगीकडे उलटा फेकतो, त्यामुळे पुढचा पट्टा रिकामा होतो. ज्यांचं पाचट होतं ते भाऊ आमच्या आधी पोचले होते, त्यांचे हात भाजले. त्यांना कुणी काही बोललं नाही.

आतली जाळरेषा टिकली. आग तारेपलीकडे गेली नाही. गायरानातला निम्मा भाग काळा झाला. उन्हाळ्याआधी जपलेली आपट्याची आणि सीताफळाची रोपं गेली. होला पक्ष्याचं एक घरटं जळलेलं दिसलं. आज एवढंच.

६ एप्रिल, रविवार

जळालेल्या भागात पवन्या गवताच्या ठोंबांना हिरवे कोंब आलेत, पाऊस नसताना. मुळं जिवंत होती. झाडांच्या रोपांना मात्र फुटवा नाही. एकदाची आग गवताला सोसते, दर वर्षीची आग मात्र झाडोरा वर येऊच देत नाही.

१२ मे, सोमवार, बुद्ध पौर्णिमा

संध्याकाळी सहापासून पाणवठ्यावर बसलो, वनरक्षक ताईंसोबत मचाणावर. आजवर माझा अंदाज असा होता की हरणं पाण्यासाठी खाली उतरतात. तो चुकीचा निघाला.

पाणवठा बशीसारखा, कडा उतरत्या. त्यामुळे पाण्यात पडलेला सरडा किंवा पक्ष्याचं पिल्लूही चालत बाहेर येतं. साडेसहाला मोर आले. सात वाजून दहा मिनिटांनी चितळं, तेवीस. एक मादी सगळ्यांच्या आधी आली आणि बराच वेळ पाय आपटत उभी राहिली. मग पाणी प्यायली, मग बाकीची. आत पोटभर पाणी पिऊन झाल्यावर ती तेवीसही रांगेनं सरळ खाली, आमच्या तारेच्या दिशेनं निघून गेली. रात्री दीडला दोन सांबर आले. ढग येऊन जात होते, चांदणं मधूनच विझल्यासारखं व्हायचं. पहाटे पावणेपाचला तीच चितळं तारेकडून परत वर चढताना दिसली. मी मोजली, एकवीस. दोन बहुधा उसातच राहिली.

पाणी आत आहे. पाणी पिऊन ती जातात ती खायला. खोडव्याचे कोवळे कोंब आत्ता गुडघ्याएवढे आहेत. सकाळी तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे भुकेली हाईत."

२५ मे, रविवार

पाऊस आलाय. वळीव नाही, लागून राहिलेला पाऊस, मे महिन्यातच. आमचं सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं होतं. ठोंबं काढलेली नाहीत, खड्डे नाहीत. वापशाची, म्हणजे माती कामाजोगी सुकण्याची, वाट बघत बसण्यापेक्षा बांधावर गेलो.

मारवेल गवताची ठोंबं बांधावरून घ्यायची ठरली होती. आधी प्रत्येकाच्या बांधावर मारवेल असायचा, गुरं सोडून तो खायची. तणनाशक मारून बांध स्वच्छ ठेवायची पद्धत आली तेव्हापासून तो शोधावा लागतो. चार दिवस फिरून साडेसहाशे ठोंबं जमली. सगळ्यात जास्त मिळाली ती एका म्हातारबाबांच्या बांधावर. अजून बैल ठेवणारं ते आमच्या शिवारातलं एकच घर.

८ जून, रविवार

आतला तुकडा. परवानगी दहा गुंठ्यांची, नैसर्गिक मोकळ्या माळाची, जिथं फक्त घाणेरी माजली होती. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट फुटते. म्हणून वनमजुरांनी शिकवल्याप्रमाणे खोडाच्या बुडाशी माती उकरायची, मुळाच्या गाठीखाली दोन-तीन बोटांवर कुदळीचा घाव घालायचा आणि झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं. एकावर दहा-बारा मिनिटं. आक्कांच्या गटातल्या बाया यात आमच्यापेक्षा कितीतरी पटाईत. एकट्या बोरीखाली घाणेरीची पन्नासेक रोपं सापडली. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन बोरीवर बसतात आणि बी खाली टाकतात. त्या बोरीखाली वर्षातून दोनदा हात फिरवावा लागेल, हे वनरक्षक ताईंच्या नोंदवहीतही लिहिलंय.

दुपारनंतर मारवेलची ठोंबं दीड-दीड फुटावर लावली. एका ठोंबाला तीन-चार काड्या, शेंडे छाटून.

२२ जून, रविवार

गायरानात पवन्याचं आणि डोंगरी गवताचं बी टाकलं. गेल्या हिवाळ्यात डोंगराबाहेरच्या पडीक उतारावरून आणून ठेवलेलं. गवताचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते, म्हणून दिवाळीचं बी मृगाला. माती आणि शेणात कालवून गोळ्या केल्या, नाहीतर वारा आणि मुंग्या बी नेतात.

आतली मारवेलची ठोंबं जगलीत. मोजली, दहात आठ तरी हिरवी.

१३ जुलै, रविवार

आतला तुकडा संपला.

दोन आठवडे गेलो नव्हतो. आज गेलो तर ठोंबं जमिनीलगत खाल्लेली, शेकडो उपटून पडलेली. मुळं धरायच्या आतच चितळं आली. देठ बघितले. तीच फाटकी टोकं, जी नोव्हेंबरात हरभऱ्यावर बघितली होती. दोन मुलांपैकी धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट स्वच्छ कळली. त्यांना हेच हवं आहे. भर पावसाळ्यात, सगळीकडे हिरवं असताना, त्यांनी येऊन मारवेल निवडला. आम्ही चुकलो ते जागेत नाही, वेळेत. नव्या गवताला पहिलं वर्ष चराईबंदी लागते. हे मी वर्गात शिकवते आणि इथं विसरले.

दुसरी नोंद महत्त्वाची. जून-जुलैत शिवारात चितळाचं नुकसान जवळजवळ नाही. तात्यांच्या बाजूच्या मोकळ्या दोन वाटांवर या महिन्यात ताजे खूर फक्त तीनदा. आत ओलं गवत असलं की ती बाहेर येत नाहीत. तात्यांनी स्वतः ही नोंद वहीत लिहायला लावली.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार, सागरेश्वराला गर्दी. मुलांनी मंदिराच्या वाटेवर पोती घेऊन प्लास्टिक गोळा केलं. गवताचं काम झालं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

वनखात्यानं आतल्या तुकड्याला पुन्हा लागवडीची मुभा दिली. या वेळी अर्धाच, पाच गुंठे. भोवती बोराट्यांचं कुंपण. बोरीच्या आणि बाभळीच्या काटेरी फांद्या बाहेरून आणल्या, आतलं काही तोडलं नाही. छातीएवढी उंच रांग, फांद्यांचे बुंधे आतल्या बाजूला. जुनी पद्धत आहे. तात्यांनी दोन दिवस उभं राहून ती रचून घेतली, आम्हाला कुणालाच धड जमत नव्हतं. नोव्हेंबरात तारेशिवाय दुसरं काही नको म्हणणारा माणूस हरणांच्या गवताला कुंपण घालत होता. काटा लागून त्यांचा अंगठा सुजला, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर.

ठोंबं या वेळी गायरानात वाढवलेल्या मारवेलची. रोपवाटिकेनं आपलं काम केलं.

५ ऑक्टोबर, रविवार

गायरानाचा चारा वाटला. शेळ्या-मेंढ्यांच्या नऊ घरांना आधी, मग बाकीच्यांना. एकूण त्रेसष्ट भारे. अट एकच, बियाण्यासाठी राखलेल्या मधल्या पट्ट्याला विळा लावायचा नाही. जानेवारीत ग्रामसभेत ज्यांनी विरोध केला होता त्या काकी भारा डोक्यावर घेताना म्हणाल्या, "फुडल्या वर्साला चार एकर धरा की." मी काहीच बोलू शकले नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

बी धरायला सुरुवात. पवन्याचं बी पिकलं की दोन-चार दिवसांत झडून जातं, त्यामुळे रोज सकाळी दव सुकल्यावर एक फेरी. ओंब्या मुठीत धरून हलकेच ओढायच्या. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं देठावरच राहतं. सावलीत पोत्यावर पसरून वाळवायचं. मारवेलचं बी भरवशाचं नाही, तो ठोंबांनीच वाढवायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

पाऊस लांबला, वापसा उशिरा आला, त्यामुळे हरभरा यंदा आत्ता कुठे उगवतोय. वरच्या तुकड्यात कुंपणाकडच्या चार ओळींचे शेंडे गेलेत. गेल्या वर्षी अकरा होत्या. पण पीकही लहान आहे आणि आत अजून ओल आहे, म्हणून या आकड्यावर मी काही ठरवत नाही. जानेवारीत आणि मे महिन्यात काय होतं ते बघायचं.

आतल्या पाच गुंठ्यांत मारवेल गुडघ्याच्या वर. बोराट्या तीन ठिकाणी खचल्यात, तिथून एखादं हरीण शिरलंय, थोडं खाल्लंय. मुळं मात्र सुटली नाहीत. ओढून बघितलं, ठोंब जमिनीतून हलत नाही. वनरक्षक ताई म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत बंद ठेवू, पुढच्या पावसात एक बाजू उघडू.

पवन्याचं बी सव्वापाच किलो, डोंगरीचं दोन. कापडी पिशव्यांत भरून आबांनी माळ्यावर टांगलं, उंदीर पोचणार नाहीत असं. पिशवीवर तारीख लिहिली. तात्या उद्यापासून गायरानाची जाळरेषा आखायला येणार आहेत. त्यांनी यंदा ती बारा फुटांची धरायला सांगितलीय.